ऑनलाइन शिक्षण: मुक्त विद्यापीठापासून मोबाइलपर्यंत

शिक्षक आणि विद्यार्थी एका जागी नसताना इंटरनेटच्या आधारे जे शिकणे-शिकवणे चालते, त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात शिक्षक ठरलेल्या वेळी पडद्यावर थेट तास घेतो. दुसऱ्यात चित्रफिती, वाचनसाहित्य आणि चाचण्या आधीच तयार असतात आणि विद्यार्थी आपल्या सवडीने त्या पुऱ्या करतो. शाळा-महाविद्यालयातले नेहमीचे तास आणि हे साहित्य यांची सांगड घातली, की त्याला मिश्र शिक्षण म्हटले जाते. आज प्रत्यक्षात सर्वाधिक उपयोगी पडते ती ही सांगडच.

ही पद्धत इंटरनेटसोबत जन्मली असे मानणे बरोबर नाही. तिचे मूळ दूरस्थ शिक्षणात आहे. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, १९८५ मध्ये भारतात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ उभे राहिले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळात विद्यापीठाची जी घडी बसली, तिच्याकडे आजही बारकाईने पाहायला हवे. विद्यार्थ्याला घरी एकट्याने वाचता येतील अशी स्वयंअध्ययनाची पुस्तके त्यासाठी मुद्दाम लिहून घेतली गेली. त्याचबरोबर गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडली आणि तेथे मार्गदर्शन करणारे संमंत्रक नेमले. नोकरी करणारा, शेतात राबणारा किंवा लग्नानंतर शिक्षण सुटलेला विद्यार्थी सुटीच्या दिवशी केंद्रावर यायचा, अडलेले विचारायचा, स्वाध्याय द्यायचा. साहित्य दुरून येत होते, पण विचारायला माणूस जवळ होता. दूरस्थ शिक्षणातली ही सर्वांत महत्त्वाची शिकवण पुढच्या काळात अनेकदा विसरली गेली, आणि ती विसरल्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली.

दृक्‌श्राव्य माध्यमाचा प्रयोगही भारतात लवकर झाला. ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचली. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दूरदर्शनवर कार्यक्रम सुरू केले. २००४ मध्ये खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडला गेला. मात्र या सगळ्यांत शिकवणे बहुतांशी एका बाजूनेच चालत होते.

इंटरनेटने ती अडचण निदान तत्त्वतः दूर केली. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांना मोफत खुले करण्याची घोषणा केली. भारतात २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटीईएल’ हा प्रकल्प हाती घेतला. जिल्ह्याच्या गावी असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एखाद्या विषयाला प्राध्यापकच नसला, तर तेथल्या विद्यार्थ्याला आयआयटीच्या प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकता येऊ लागले. ही गोष्ट लहान नव्हती.

२०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला आणि सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदवली. पुढच्याच वर्षी कोर्सेरा, एडएक्स आणि युडॅसिटी हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे मंच सुरू झाले. विद्यापीठांचे दिवस भरले, अशी भाषा तेव्हा सर्रास ऐकू येत होती. प्रत्यक्षात स्टॅनफर्डच्या त्या पहिल्या अभ्यासक्रमातही शेवटपर्यंत टिकलेले विद्यार्थी वीस हजारांहून थोडे अधिक होते. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा अभ्यासक्रमांच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जो अभ्यास छापला गेला, त्यात पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास आढळले. टिकून राहणाऱ्यांत आधीच पदवी असलेले, शिकण्याची सवय असलेले लोक जास्त असतात, हे अशा अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले. ज्यांना शिक्षणाची गरज सर्वाधिक, त्यांच्यापर्यंत नुसता खुला दरवाजा पुरत नाही.

शालेय शिक्षणात हाच धडा आणखी स्पष्टपणे मिळाला. प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप द्यावा या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट येथील शाळेत झाला. या मोहिमेची सर्वांत मोठी अंमलबजावणी पेरू देशात झाली. तेथल्या ग्रामीण शाळांच्या काटेकोर मूल्यमापनाचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला, तो असा की लॅपटॉप मिळालेल्या मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक पडला नव्हता. यंत्र वर्गात आले, पण त्यावर काय आणि कसे शिकवायचे याची तयारी झालेली नव्हती.

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांची वाट जरा वेगळी ठरली, कारण येथे पुढाकार बऱ्याच ठिकाणी गुरुजींनीच घेतला. शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची शाळा ‘डिजिटल शाळा’ म्हणून नावारूपाला आली आणि तिचे अनुकरण राज्यभर झाले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टीव्ही, टॅब घेऊन दिल्याची उदाहरणे तालुक्या-तालुक्यात घडली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की त्या धड्याची चित्रफीत, कविता किंवा स्वाध्याय उघडे. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत असे कोड नेहमीचे झाले, आणि २०१७ मध्ये शिक्षकदिनी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचालाही पुस्तकातले कोड जोडले गेले. डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिला. या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे की त्यात पुस्तक मोडीत निघाले नाही. मुलाच्या हातात जे होतेच, त्यालाच नवी जोड मिळाली.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि जे आजवर पूरक होते ते एकमेव साधन बनले. युनेस्कोच्या हिशेबाने त्या वसंतात जगभरातले दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी घरी बसले. राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही मोहीम निघाली. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोजचा अभ्यास येऊ लागला, आणि सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली.

पण देश या शिक्षणाला किती तयार होता? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार ग्रामीण भागात ४.४ टक्के कुटुंबांकडेच संगणक होता आणि इंटरनेटची सोय १४.९ टक्क्यांकडे. स्मार्टफोनने ही दरी काहीशी बुजवली. शालेय शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत ग्रामीण शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. तरीही त्या सप्टेंबरमध्ये, पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले जेमतेम एक तृतीयांश होती. घरी फोन असणे आणि तो मुलाच्या हाती येणे यांतही अंतर होते: २०२१ मध्ये स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या चारांतल्या एका मुलाला तो वापरायला मिळतच नव्हता. फोन वडिलांसोबत कामावर जाई, दोन भावंडांचे तास एकाच वेळी असत, रिचार्ज संपला की महिनाअखेरीपर्यंत थांबावे लागे. सिंधुदुर्गात एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीसाठी रेंज मिळते त्या डोंगरावर झोपडी बांधण्यात आली. वर्तमानपत्रांनी ती जिद्दीची कथा म्हणून छापली. जिद्द होतीच, पण शिकण्यासाठी भर पावसात डोंगरावर बसावे लागणे ही व्यवस्थेची उणीव होती.

या काळात सर्वांत मोलाचे काम झाले ते ऑनलाइनची वाट न पाहणाऱ्यांकडून. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर एका स्वयंसेवी संस्थेने ध्वनिवर्धक घेऊन ‘बोलकी शाळा’ चालवली. सोलापूरच्या निलमनगरमध्ये कामगार वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर शिक्षकांनी धडे रंगवले. कितीतरी गुरुजी आणि बाई स्वाध्यायपुस्तिका घेऊन ओट्याओट्यावर मुलांचे छोटे गट भरवत राहिले. याची नोंद कुठल्याही ॲपमध्ये झाली नाही.

नुकसान मात्र झालेच. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुले ग्रामीण भारतात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. शाळा भरू लागल्यावर २०२४ पर्यंत हा आकडा २७.१ टक्क्यांपर्यंत परतला. प्राथमिक वयात वर्गाला पर्याय नाही, याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

मग ऑनलाइन साधनांचा उपयोग नेमका कुठे होतो? याचे चांगले उत्तर दिल्लीतल्या एका अभ्यासातून मिळते. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि आलेहांद्रो गॅनिमियन यांनी सरकारी माध्यमिक शाळांतल्या मुलांना शाळा सुटल्यावर एका केंद्रात ‘माइंडस्पार्क’ हे संगणकीय अध्ययनसाधन वापरायला दिले. त्यांतली सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. वर्गात शिक्षक सहावीचे गणित शिकवत होते आणि मूल तिसरी-चौथीच्या पातळीवर अडकलेले होते. हे साधन मुलाची पातळी ओळखून तेथूनच सुरुवात करीत असे. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत ठळक प्रगती दिसली. केंद्रात देखरेख करणारी आणि शिकवणारी माणसेही होती, हे विसरता कामा नये. बोट्सवानात साथीच्या काळात झालेला प्रयोग तर साध्या फोनवरचा होता. काही कुटुंबांना दर आठवड्याला गणिताचे संदेश पाठवले, काहींना संदेशाबरोबर शिक्षकाचा वीसेक मिनिटांचा फोनही केला. नुसत्या संदेशाचा परिणाम नगण्य ठरला. फोनमुळे मात्र मुलांचे गणित सुधारले. पन्नास हजारांचा टॅब जे करू शकत नाही, ते आपुलकीने विचारपूस करणारा आवाज करू शकतो, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

उच्च शिक्षणात चित्र अधिक आश्वासक आहे, कारण तेथला विद्यार्थी मोठा असतो आणि आपली निकड ओळखून येतो. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी मंचावरचे अभ्यासक्रम मोफत आहेत. परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क पडते. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करण्याची मुभा २०२१ पासून आहे. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये जेईईविना प्रवेश देणारी ऑनलाइन पदवी सुरू केली. तिची रचना जुन्या मुक्त विद्यापीठाच्या रीतीशी जुळते: शिकणे घरी, परीक्षा मात्र केंद्रावर, पर्यवेक्षकासमोर. पदवीची पत टिकवायला हा आग्रह आवश्यक आहे.

खाजगी कंपन्यांबद्दल थोडक्यात सांगता येते. साथीच्या दोन वर्षांत त्यांच्यात अफाट भांडवल ओतले गेले. शाळा उघडताच मागणी ओसरली. २०२२ मध्ये ज्या ‘बायजूज’चे मोल २२०० कोटी डॉलर लावले गेले होते, ती २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कर्ज काढून वर्षाचे शुल्क एकदम भरण्याआधी पालकांनी हे लक्षात ठेवावे.

मराठी विद्यार्थ्यासाठी सर्वांत मोठा प्रश्न भाषेचा आहे. शालेय साहित्य मराठीत बऱ्यापैकी उपलब्ध आहे. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता येतात. बारावीनंतर मात्र मराठी माध्यमाचा विद्यार्थी एकदम इंग्रजी व्याख्यानांसमोर येतो आणि विषयाआधी भाषेशी झगडतो. यावर मुंबईतच एक नमुनेदार काम झालेले आहे. आयआयटी मुंबईत कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प सुरू झाला. दहाएक मिनिटांच्या चित्रफिती, एकेका चित्रफितीत एकच छोटे कौशल्य, आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. पडद्यावर दिसणारी आज्ञावली इंग्रजीच राहते, समजावणे तेवढे मातृभाषेत होते. चित्रफीत थांबवायची, शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचे आणि पुढे जायचे, अशी तिची रीत आहे. सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर साहित्य नेऊन इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेतही हे चालते. त्याच आयआयटीत दीपक फाटक यांनी देशभरच्या अभियांत्रिकी प्राध्यापकांना ऑनलाइन प्रशिक्षण देण्याचा मोठा कार्यक्रम राबवला. त्यात मुंबईहून व्याख्यान होई आणि ठिकठिकाणच्या केंद्रांवर स्थानिक समन्वयक प्रात्यक्षिके करून घेत. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांत जे पुस्तकांच्या जोरावर चालले होते, तेच येथे इंटरनेटच्या जोरावर चालले.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे व्याख्यानांचे यांत्रिक भाषांतर आणि विद्यार्थ्याच्या प्रश्नाला तत्काळ उत्तर या दोन्ही गोष्टी आवाक्यात आल्या आहेत. मराठीत त्यांचा खरा उपयोग व्हायचा तर पदार्थविज्ञान, वैद्यक, कायदा, संगणकशास्त्र या विषयांची तपासलेली मराठी पाठ्यपुस्तके आणि एकसारखी परिभाषा मोठ्या प्रमाणावर उपलब्ध असावी लागेल, आणि चुकलेले उत्तर ओळखू शकणारा विषयशिक्षकही. परिभाषाकोश भाषा संचालनालयाने गेल्या काही दशकांत तयार केलेले आहेत. ते नव्या साधनांना जोडण्याचे आणि अद्ययावत ठेवण्याचे काम विद्यापीठांनी अंगावर घ्यायचे आहे.