ब्रांकुशीचा पक्षी
रुमानियातल्या होबित्सा या खेड्यात १८७६ मध्ये जन्मलेला शिल्पकार कॉन्स्टान्टिन ब्रांकुशी १९०४ मध्ये पॅरिसला आला आणि तिथलाच झाला. रोदँसारख्या दिग्गजाची कार्यशाळा त्याने लवकरच सोडली आणि तो थेट दगडात कोरू लागला. त्याचा ‘अवकाशातील पक्षी’ पाहा: पंख नाहीत, चोच नाही, नुसता वर झेपावणारा, आरशासारखा लखलखीत घासलेला ब्राँझचा निमुळता आकार. १९२६ मध्ये अमेरिकी कस्टम्सने तो स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या वर्गात टाकून ४० टक्के जकात लावली! १९२८ मध्ये न्यायालयाने ती कलाकृतीच असल्याचा निवाडा दिला. आधुनिक शिल्पकलेसाठी हा निकाल फार मोलाचा. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकरांनी असे तीन पक्षी घेतले होते. या पक्ष्यांसाठी योजलेल्या ध्यानमंदिराकरिता ब्रांकुशी इंदूरला आलाही, पण ते मंदिर कधी बांधलंच गेलं नाही.