निजामाचा रेडिओ आणि आपली मराठी

मंडळाच्या गेल्या बैठकीत एका तरुण सभासदाने विचारलं, "हैदराबादेत रेडिओ इंग्रजांनीच आणला ना?" त्याची चूक नाही. आपण वाचतो तो ऑल इंडिया रेडिओचा इतिहास. हैदराबादचं स्टेशन मात्र १९५० पर्यंत त्यांचं नव्हतंच! म्हणून हे टिपण.

सुरुवात एका हौशी माणसाने केली. महबूब अली यांनी आबिड्सजवळच्या चिराग अली लेनमध्ये २०० वॅटचं खासगी केंद्र चालवलं. पुढे निजाम सरकारने ते हाती घेतलं आणि ३ फेब्रुवारी १९३५ पासून ते 'डेक्कन रेडिओ' म्हणून बोलू लागलं. २०० वॅट म्हणजे शंभराचे दोन बल्ब. एवढ्यात शहर ऐकणार, फार तर आसपासची गावं.

संस्थान तर १६ जिल्ह्यांचं. त्यांत आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड, आणि दरबाराची भाषा उर्दू. त्यामुळे रेडिओवर मोठा वाटा उर्दूचा, सोबत तेलुगू, मराठी आणि कन्नडचे कार्यक्रम. पण मराठी कार्यक्रम मराठी मुलुखात पोचणार कसा?

इथे थोडं तंत्र समजून घेऊ. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि अंतरागणिक मंदावतात. वर गेलेल्या लहरी वातावरणाचा एक थर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरावरून परततात आणि दूरचं स्टेशन अचानक लागतं. रात्री मुंबई लागायची, सकाळी गायब, हे जुनी माणसं सांगतात त्याचं कारण हेच. हैदराबाद ते औरंगाबाद सरळ रेषेतही सुमारे ४३० किलोमीटर. दिवसाउजेडी एवढं अंतर गाठणं अवघड, म्हणून निजाम सरकारने औरंगाबादला वेगळं केंद्र काढलं. मराठवाड्याचं ते पहिलं घरचं स्टेशन.

सरकारी रेडिओ सरकारचीच बाजू सांगणार. पण पेटीची खुंटी ऐकणाऱ्याच्या हातात होती! रात्री तीच पेटी मुंबई-दिल्लीही ऐकवायची. पोलीस कारवाईच्या शेवटी, १७ सप्टेंबर १९४८ च्या संध्याकाळी, युद्धबंदीची घोषणा खुद्द निजामाने याच रेडिओवरून केली.

१ एप्रिल १९५० ला हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रं ऑल इंडिया रेडिओकडे गेली. आता मराठीचे दिवस बरे येतील असं वाटावं, तर काही वर्षांतच औरंगाबादचं केंद्र बंद झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशची राजधानी झाली. हैदराबादचं स्टेशन साहजिकच तेलुगूचं झालं, उर्दूही टिकली. मराठवाड्याला पुन्हा स्वतःचं केंद्र मिळालं ते १९६८ साली, परभणीला. मधली वर्षं त्या पाच जिल्ह्यांसाठी बोलणारं, त्यांच्याच भूमीवरचं स्टेशन नव्हतं.

टीव्हीचंही तसंच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, हैदराबादचं १९७७ साली. तोवर राज्यांच्या सीमा पक्क्या झाल्या होत्या, त्यामुळे हैदराबाद केंद्र कुठल्या भाषेचं हा प्रश्नच उरला नव्हता. लहरीला सीमा कळत नाही, पण स्टेशन कुणाचं हे सीमाच ठरवते. काचीगुडा, सुलतान बाजारातली आपली मराठी घरं त्या सीमेच्या अलीकडे राहिली.

आता मुद्द्याचं. त्या काळचे बहुतेक कार्यक्रम थेट व्हायचे. बोललं, गायलं, हवेत गेलं. तेव्हा मराठीत काय वाजत होतं याचा पुरावा घराघरांतच शोधायला हवा. आमच्या घरी आजोबांचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक आहे, दरवर्षी पोस्टात जाऊन तिकिटं चिकटवून आणलेलं. आई ते रद्दीत टाकणार होती, थोडक्यात वाचलं. तुमच्याकडे असं पुस्तक, निमंत्रणपत्र, कलाकाराला आलेलं कराराचं पत्र असेल तर फोटो काढून मंडळाकडे पाठवा. आणि घरात नव्वदीचं कुणी असेल तर कागदाआधी त्यांच्याजवळ बसा. त्यांनी ऐकलेलं दुसरीकडे कुठे साठवलेलं नाही.