सहा फिल्मांची शिदोरी

मोठ्या कॅमेऱ्यात फिल्मची गुंडाळी नसते. बहुधा ४ × ५ इंचांची सुटी फिल्म असते. ती चपट्या होल्डरमध्ये पूर्ण काळोखात भरावी लागते. एका होल्डरच्या दोन बाजूंस दोन फिल्मा बसतात. अर्थात तीन होल्डर म्हणजे सहाच चित्रे. होल्डरच्या सरकत्या झाकणाची एक बाजू पांढरी, दुसरी काळी असते. फिल्म कोरी असता पांढरी बाजू बाहेर ठेवावी, चित्र घेतल्यावर काळी. ही खूण चुकल्यास एकाच फिल्मवर दोन चित्रे उमटून दोन्ही वाया जातात.

आपल्या इंदुरातच बांधकाम खात्यात नोकरी करीत असता लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास छायाचित्रणास आरंभ केला. त्यांच्यापाशी फिल्मऐवजी जड, ठिसूळ काचा होत्या. तरीही त्यांनी टिपलेल्या मध्य भारतातील प्राचीन वास्तू १८८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या.

राजेंद्रनगराहून राजवाड्याचे चित्र घेण्यास जाल, तेव्हा आधी ऊन कोठून पडते ते पाहावे, जागा निश्चित करावी, मगच झाकण ओढावे. १९८४ च्या आगीत या वास्तूची मोठी हानी झाली. तिचे पूर्वरूप जुन्या चित्रांत पाहावयास मिळते. मोजक्या फिल्मा हात आखडतात खऱ्या, परंतु दृष्टी सावध करतात.