‘अनफिट’, पण कोणत्या कामासाठी?

वार्षिक मेडिकलमध्ये साखर जास्त निघाली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘आता नोकरीचं काय?’ औषधपाण्याचा विचार त्यानंतर. एका पगारावर चालणाऱ्या घराची ही भीती खोटी कशी म्हणावी?

कारकुनी करताना असे पुष्कळ कागद आमच्या टेबलावरून गेले. वर साखर, बी.पी., क्रिएटिनिन यांचे आकडे आणि खाली एकच शेरा, ‘अनफिट’. कशासाठी अनफिट, ते मात्र लिहिलेले नसते. एचबीएवनसी ही तपासणी साधारण मागील तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. तो आकडा वाढलेला माणूस गोदामाचे रजिस्टर लिहू शकेल की नाही, हे त्यातून कसे कळणार? उलट, इन्शुलिन घेणाऱ्याची साखर एकदम उतरत असेल तर क्रेनवर किंवा उंच शिडीवर त्याला धोका आहे, मग सरासरी कितीही चांगली दिसो. हेही आपण मान्य केले पाहिजे. आकडा कामाच्या शेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली हेच सांगितले. एका सार्वजनिक उपक्रमातील रोजंदारी मजुराच्या रक्तात एचआयव्ही निघाला, म्हणून त्याचे नाव यादीतून काढले. एरवी तो कामाला धडधाकट होता. न्यायालयाने त्याला नाव गुप्त ठेवून लढू दिले. काम करण्याची ताकद आहे आणि इतरांना धोका नाही, तर केवळ संसर्गापायी रोजी नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. पुढे २०१७ चा एचआयव्ही कायदा झाला. त्याप्रमाणे अशा कामगाराला काढायचे तर स्वतंत्र डॉक्टरचा लेखी अभिप्राय त्याच्या हातात द्यावा लागतो, आणि त्याची कामावर सोय करणे का परवडत नाही, हेही मालकाला लिहून द्यावे लागते.

मधुमेहाला, दम्याला असा वेगळा कायदा नाही. पण लेखी कारण मागायला कोणाची बंदी आहे? सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले, तर २०१६ च्या कायद्याने त्याच पगारावर दुसरे काम मागता येते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, शेरा पाहून घाबरून राजीनाम्यावर सही करू नका. रिपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा. ‘कोणत्या कामासाठी आणि किती दिवसांसाठी अनफिट?’ असा अर्ज करा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तो शिक्का द्यायला साहेब कुरकुर करतात, पण उभे राहिले की देतात.