गोंदिया वीस किलोमीटर पळालं!

ऐक ना, एक गंमत!

समज, तुझा मावसभाऊ पहिल्यांदाच गोंदियाला येतोय. तू त्याला शहराचा नकाशातला पत्ता पाठवलास : उत्तर २१ अंश २७ मिनिटं ३६ सेकंद, पूर्व ८० अंश १२ मिनिटं. पठ्ठ्याने घाईघाईत मोबाइलमध्ये टाकलं २१.२७३६ आणि ८०.१२. निघाली स्वारी!

ओळख बरं, पोचली कुठे? शहरापासून वीस किलोमीटरहून लांब, नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला! तिथे मावशी नाही. वाघ मात्र आहेत!

चूक कुठे झाली? टिंबात!

हे बघ. विषुववृत्तापासून उत्तर ध्रुवापर्यंत पृथ्वीचे ९० भाग पाडलेत. एक भाग म्हणजे एक अंश. पण एक अंश केवढा मोठा? सुमारे ११० किलोमीटर! मग अंशाची ६० मिनिटं केली आणि मिनिटाचे ६० सेकंद. अगदी घड्याळासारखं! पण ही मिनिटं वेळेची नाहीत हं, कोनाची आहेत. उत्तर-दक्षिण एक सेकंद म्हणजे जेमतेम ३१ मीटर. खो-खोच्या मैदानापेक्षा थोडंसंच लांब!

आता सांग, तीन तास तीस मिनिटं म्हणजे किती तास? ३.३० नाही, साडेतीन! ३.५! इथेही तेच. २७ मिनिटांना ६०ने भाग, आले ०.४५. ३६ सेकंदांना ३६००ने भाग, आले ०.०१. झाले २१.४६! आणि १२ मिनिटं म्हणजे ०.२, म्हणून ८०.२. आता मावसभाऊ बरोब्बर गोंदियात!

आजी धान पायलीने मोजते, दुकानदार किलोने. धान तेवढंच! तसंच हे.

पण थांब, तिसरंही माप आहे. त्याचं नाव यूटीएम. डोळ्यांसमोर एक संत्रं आण. त्याच्या साठ सारख्या फोडी कर. (खऱ्या संत्र्यात एवढ्या कुठल्या!) पृथ्वीच्याही अशाच ६० फोडी पाडल्यात. मुंबई ४३व्या फोडीत, गोंदिया ४४व्या.

प्रत्येक फोडीच्या मधोमध एक रेघ. आपल्या फोडीची रेघ राजनांदगावजवळून जाते. त्या रेघेला आकडा दिलाय ५,००,००० मीटर. शून्य का नाही दिला? मग पश्चिमेकडच्या गावांना उणे आकडे आले असते ना! गोंदिया रेघेच्या ८३ किलोमीटर पश्चिमेला, म्हणून आपला आकडा सुमारे ४,१७,०००. आणि विषुववृत्तापासून सुमारे २३,७३,००० मीटर. मीटरमध्ये असल्यामुळे रानात सरळ उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम अंतर काढायला नुसती वजाबाकी पुरते!

आणि आता सगळ्यात भारी गोष्ट. पृथ्वी संत्र्यासारखीच वरून-खालून किंचित चपटी आहे. पण किती चपटी? हेही शोधायला विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ साली मद्रासहून भारत मोजायला घेतला. सोबत सुमारे अर्ध्या टनाचं कोन मोजायचं यंत्र! मोजता मोजता ते विदर्भात आले आणि १८२३मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले. पुढे त्यांच्या मदतनीसाने १८३०मध्ये पृथ्वीचा आकार मांडला. त्याचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट. हो हो, शिखराला नाव दिलंय तोच!

एव्हरेस्टचा आकार म्हणजे भारताच्या मापाने शिवलेला गणवेश. जीपीएसचा आकार सगळ्या जगासाठी शिवलेला. दोन्ही तुझ्याच अंगावर घातले, तरी बटणं वेगवेगळ्या जागी येणारच! म्हणून एव्हरेस्टच्या आकारावर काढलेल्या जुन्या नकाशातले आकडे न बदलता जीपीएसमध्ये टाकले, तर इथे जागा शंभर मीटरहून जास्त सरकते.

म्हणजे नवेगावबांधच्या तलावाकाठी तू आरामात कोरड्या पायांनी उभं राहायचं, आणि यंत्राने म्हणायचं, पोहायला येतं ना?