पकड आणि सुटका

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात प्रवरेच्या कालव्यांनी भिजणारा जो काळ्या जमिनीचा पट्टा आहे, त्यातील देवळाली प्रवरा या गावी पोळा उलटल्यावर गॅरेजांपुढे ट्रॅक्टर येऊन उभे राहू लागतात, याचे कारण उसाच्या पंचांगात शोधावे लागते. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीस सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढे राहुरीचाही कारखाना उभा राहिला, आणि या मुलखातील माणसांचे, बैलांचे व यंत्रांचे वेळापत्रक गळीत हंगामाच्या हुकमतीखाली गेले. दसरा-दिवाळीनंतर कारखान्याचे बॉयलर पेटले, मुकादमांच्या टोळ्या फडांत उतरल्या, की एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत शेतातून सडकेवर आणि सडकेवरून वजनकाट्यावर अहोरात्र येरझारा करणाऱ्या ट्रॅक्टरला विसावा मिळत नाही. म्हणून जी काही दुरुस्तीची तजवीज करावयाची ती त्यापूर्वीच करून घ्यावी लागते. या दुरुस्त्यांपैकी सर्वांत खर्चिक नसली तरी सर्वांत बोधप्रद अशी जी एक, ती मी येथील एका गॅरेजात बसून सावकाश पाहिली. ती होती क्लच आणि फ्लायव्हील यांची.

इंजिन चालू राहावे पण चाके थांबावीत, अथवा थांबलेल्या चाकांस फिरत्या इंजिनाशी धक्का न बसता जोडता यावे, यासाठी या दोहोंच्या दरम्यान जी व्यवस्था केलेली असते ती क्लचची. इंजिनाच्या मागील टोकास बिडाचे एक जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, बसविलेले असते. त्याच्या गुळगुळीत पाठीवर दोन्ही बाजूंनी घर्षक लायनिंग लावलेली प्लेट टेकलेली असते. आणि तिला मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोराने दाबून धरते. पेडलवर पाय पडला की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या फिंगर दाबते, दाब सुटतो, आणि प्लेट मोकळी होते. डबल क्लचच्या ट्रॅक्टरांत पेडल अर्धे दाबले असता चाकांचा संबंध तुटतो आणि पूर्ण दाबले असता पीटीओचाही, म्हणजे जोडलेली अवजारे फिरविणाऱ्या शाफ्टचाही. या सर्व कारभाराचे तत्त्व एका गुणाकारात सामावते: घर्षणाचा गुणांक, स्प्रिंगांचा दाब, घासणाऱ्या पृष्ठभागाची मध्यम त्रिज्या आणि पृष्ठभागांची संख्या, जी एका प्लेटच्या क्लचमध्ये २ असते. क्लच बळकट करावयाचा तर या चारांपैकी एखादी राशी वाढवावी लागते; पाचवा मार्ग उपलब्ध नाही.

त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची कैफियत सरळ होती. भरलेली ट्रॉली फडातून बांधावर चढविताना इंजिनाचा आवाज चढे, परंतु चाके त्या प्रमाणात फिरत नसत, आणि जळक्या वासाने चालक हैराण होई. मालक विशीतला तरुण होता आणि त्याची मागणी निश्चित होती: साध्या लायनिंगऐवजी सिरॅमिक बटणांची प्लेट बसवावी, प्रेशर प्लेट कडक स्प्रिंगांची घ्यावी, आणि हंगामभर पाहावे लागणार नाही असा बंदोबस्त करून द्यावा. मिस्त्रींनी ते ऐकून घेतले, होकार वा नकार काहीच दिला नाही, आणि आधी ट्रॅक्टर मधून सोडवावयास घेतला.

ट्रॅक्टरला मालट्रकसारखी वेगळी चासी बहुधा नसते; इंजिन, क्लचचे घर आणि गिअरबॉक्स हीच परस्परांस बोल्टांनी आवळून त्याची पाठ बनलेली असते. त्यामुळे क्लचपर्यंत पोहोचणे म्हणजे त्या पाठीचे दोन भाग करणे होय. सपाट जागा पाहून ट्रॅक्टर उभा केल्यावर मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराने प्रथम कोणते काम केले असेल, तर पुढच्या आखाच्या दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी ठोकण्याचे. पुढचा आख मधल्या खिळीवर डोलण्यासाठी मोकळा ठेवलेला असतो. मागचा भाग अलग होताच इंजिनाचा अर्धा भाग त्या खिळीवर कलंडून अंगावर येऊ शकतो, आणि ही जोखीम ज्याने एकदा पाहिली तो पाचरीवाचून पाना उचलीत नाही. नंतर बॅटरीच्या तारा, डिझेलच्या व हायड्रोलिकच्या नळ्या, स्टिअरिंगचे दांडे, ॲक्सिलरेटरची सळई असे जे जे दोन्ही भागांस जोडणारे होते ते क्रमाने सुटले. गिअरबॉक्सखाली जॅक आणि इंजिनाखाली ठोकळे लागले. आणि बोल्ट निघाल्यावर चौघांनी मागचा भाग हळूहळू मागे ढकलला. गिअरबॉक्सचा खाचांचा शाफ्ट क्लचमधून सरकत बाहेर आला आणि आतील काळा चुरा जमिनीवर सांडला. तो हवेच्या नळीने उडवून देण्यास मिस्त्रींनी मनाई केली, हे मला विशेष वाटले. जुन्या काळी घर्षक लायनिंगांत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरीत, आणि त्याचे तंतू फुप्फुसास किती घातक असतात हे आता सिद्ध झालेले आहे. कोणत्या प्लेटमध्ये काय आहे याचा भरवसा नसल्याने ओल्या फडक्याने पुसणे हीच शहाण्या कारागिराची वहिवाट होय.

यानंतर जे घडले ते दुरुस्तीपेक्षा पंचनाम्याच्या जातीचे होते. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे सैल केले गेले, कारण एकच बाजू आधी सोडली तर स्प्रिंगांच्या जोराने प्लेट वाकते. क्लच प्लेट हाती आली तेव्हा तिचे लायनिंग रिव्हेटांपर्यंत झिजलेले आढळले, आणि त्या रिव्हेटांनी फ्लायव्हीलच्या पाठीवर वर्तुळाकार चरे पाडले होते. चऱ्यांच्या दरम्यान निळसर-जांभळे डाग दिसत होते. अतिउष्णतेने तेथील बिडाची अंतर्गत रचना पालटून ती जागा भोवतालच्या धातूहून कठीण झालेली असते. मिस्त्रींनी मात्र या डागांवर बोट ठेवले नाही. त्यांनी बोट फिरविले ते फ्लायव्हीलच्या मध्याशी, आणि ते तेलकट होऊन बाहेर आले. क्रँकशाफ्टच्या मागचे ऑइल सील पाझरत होते. तेलाचा अंश लागला की लायनिंगचे घर्षण घटते, घर्षण घटले की प्लेट घसरते, घसरली की तापते, आणि साधे लायनिंग सुमारे २५० अंश सेल्सिअसपलीकडे तापले की त्याची उरलीसुरली पकडही जाते. शिवाय पेडलला जी इंचभर मोकळी चाल असावयास हवी ती जवळजवळ उरलीच नव्हती. म्हणजे चालकाने पाय उचलल्यावरही क्लच किंचित दाबलेलाच राहत होता. ज्या दोषाचे खापर प्लेटच्या दुबळेपणावर फोडले जात होते, त्याचे मूळ एका स्वस्त सीलात आणि एका नटाच्या दुर्लक्षित समायोजनात होते.

फ्लायव्हील खुणा करून उतरविले गेले आणि दोघांनी उचलून लेथवर नेले. तेथे डायल गेजने त्याचा डोल तपासून पाठीवरचा धातू मिलिमीटरच्या अंशाने उतरविला गेला. निळ्या डागावर येताच कटर थरथरून आवाज बदलीत असे, म्हणून शेवटचा हात ग्राइंडिंगचा दिला. प्रेशर प्लेट ज्या कडेवर आवळली जाते ती कडही तेवढीच उतरवावी लागते, नाही तर पाठ खोल जाऊन स्प्रिंगांचा दाब कमी पडतो. ही गोष्ट घाईच्या कामात नेमकी विसरली जाते.

येथेच मालकाने दुसरी इच्छा बोलून दाखविली. “मामा, व्हिडिओत बघितलं, रेसच्या गाड्यांचं फ्लायव्हील घासून हलकं करत्यात. आपलं बी करून टाका की.” मिस्त्री लेथवरून नजर न काढता म्हणाले, “रेसची गाडी एकट्या माणसाला घिऊन पळती. तुझ्या मागं दोन ट्रॉल्या हायेत. वजन काय भंगारवाल्याला द्यायचंय?”

या उत्तरात यंत्रशास्त्राचा एक संपूर्ण धडा होता. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच जोर लावतो. तीन सिलिंडरांच्या इंजिनात असा ठोका २४० अंशांनी आणि चारांच्या इंजिनात १८० अंशांनी येतो. दोन ठोक्यांमधील पोकळी भरून काढण्याचे काम फ्लायव्हील करते, जसे जात्याची वरची तळी हाताचा जोर क्षणभर ओसरला तरी फिरतीच राहते. समजा, चाळीस किलोचे व अठरा सेंटिमीटर त्रिज्येचे भरीव चाक मिनिटास २००० फेरे घेत आहे. तर त्यात सुमारे १४,००० ज्यूल ऊर्जा साठलेली असते, जी एक टन वजन सुमारे दीड मीटर उचलण्यास पुरेल. फडाच्या चिखलातून भरली ट्रॉली हलविताना पहिल्या क्षणी हीच शिल्लक कामी येते. स्पोर्ट्स कारचा हिशेब उलटा असतो: तेथे इंजिनाचा वेग क्षणार्धात चढावा आणि गिअर बदलताना क्षणार्धात उतरावा अशी अपेक्षा असल्याने साठा कमी ठेवणे हितावह ठरते, आणि त्याची किंमत म्हणून सावकाश चालीतील आचके चालक सहन करतो. त्यांतही शर्यतीच्या गाड्यांत हलके फ्लायव्हील पोलादाचे किंवा ॲल्युमिनियमचे मुद्दाम घडविलेले घेतात. बिडाचे जुने चाक मनमानीने कोरले तर जोराच्या फेऱ्यांत ते फुटून त्याचे तुकडे चालकाच्या पायांपर्यंत येण्याचा धोका असतो.

ट्रॅक्टर आणि स्पोर्ट्स कार यांचे नाते याहून जुने व अधिक मनोरंजक आहे. इटलीतील फेरुचिओ लॅम्बोर्गिनी यांनी १९४८ साली ट्रॅक्टरांचा कारखाना काढला, त्यात धनवान झाल्यावर फेरारी गाडी घेतली, तिच्या क्लचच्या वारंवार होणाऱ्या तक्रारींनी ते वैतागले, आणि आपल्या ट्रॅक्टरसाठी वापरला जाणारा क्लच त्यांनी तीत बसविला, अशी हकीकत सांगतात. तिच्यात रंग किती भरला गेला हे बाजूस ठेवले तरी १९६३ साली त्यांनी स्वतःचा मोटारींचा कारखाना काढला हे निश्चित. याच्या उलट उदाहरण पोर्शे या नावाचे. ज्यांचे नाव वेगवान गाड्यांशी कायमचे जोडले गेले, त्या फर्डिनांड पोर्शे यांच्या आराखड्यावरून जर्मनीत जे ट्रॅक्टर निघाले, त्यांत इंजिन व क्लच यांच्या दरम्यान तेलाने चालणारे द्रव-जोडयंत्र बसविलेले होते. वेगाचे मर्म जाणणाऱ्या त्या अभियंत्याने ओझे ओढणाऱ्या यंत्रास अधिक कडक पकड न देता अधिक मऊ सुरुवात दिली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आता प्रश्न उरला सिरॅमिक बटणांच्या प्लेटचा. धातूची भुकटी व सिरॅमिक कण दाबून-भाजून बनविलेली ही बटणे साध्या लायनिंगापेक्षा कितीतरी अधिक उष्णता सोसतात, आणि जेथे क्लच सतत तापतो तेथे त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु ती एकदम धरतात, फ्लायव्हीलची पाठ अधिक झिजवितात, आणि मुख्य म्हणजे जो धक्का पूर्वी प्लेटच्या क्षणिक घसरणीत विरून जात असे तो जसाच्या तसा पुढे पाठवितात. प्लेटपुढे गिअरबॉक्सचे दाते आहेत, त्यांपुढे डिफरन्शियल व त्याचा क्राऊन, आणि त्यापुढे मागचे आख. क्लच अभेद्य केला म्हणजे ट्रॅक्टर अभेद्य होत नाही. मोडण्याची पाळी फक्त शेजाऱ्यावर सरकते, आणि हा शेजारी दर वेळी अधिक महाग असतो. मिस्त्रींनी हे तरुणाला मोजक्या शब्दांत सांगितले: “प्लेट जळली तर दोन दिवस. क्राऊन गेला तर हंगाम.” तरुणाने काही वेळ विचार करून कंपनीच्या मापाची साधी प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवे सील आणि नवी रिलीज बेअरिंग एवढ्यावर राजीनामा दिला, म्हणजे आपल्या मागणीचा, कामाचा नव्हे.

जोडणी ही सोडवणुकीची उलटी आवृत्ती असली तरी तिला संयम अधिक लागतो. फ्लायव्हीलची पाठ तेलकट बोटांचा स्पर्श होऊ न देता पुसली गेली. जुन्या शाफ्टचा तुकडा मध्यभागी घालून प्लेट केंद्रात आणली गेली. बोल्ट समोरासमोर आवळून सर्व फिंगर एका उंचीच्या केल्या गेल्या. खाचांना ग्रीसचे केवळ बोट लावले, कारण अधिक लावलेले ग्रीस फेऱ्यांबरोबर उडून नव्या लायनिंगावर बसते. मग मागचा भाग पुढे ढकलताना शाफ्ट खाचेत जाईना, तेव्हा बोल्टांनी ओढून घेण्याचा मोह टाळून इंजिन हाताने किंचित फिरविले, आणि दोन्ही भाग आपोआप जुळले.

या प्रकरणातून वाहनमालकाने घ्यावयाचा निष्कर्ष हिशेबी स्वरूपाचा आहे. उभा भार क्लच घसरवीत गतीस आणताना त्या भारात जेवढी गतिज ऊर्जा भरते, निदान तेवढीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. भार दुप्पट केला तर ती दुप्पट होते, परंतु वरच्या गिअरमध्ये उठून क्लच जुळेतो गाठलेला वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. म्हणून ट्रॉली नेहमी खालच्या गिअरमध्ये उठवावी, चालताना पेडलवर पाय टेकवू नये, मोकळी चाल नियमाने तपासावी, आणि तेलाचा वास वा डाग दिसताच प्लेटच्या आधी सील पाहावे. एवढे करूनही क्लच टिकत नसेल, तर अधिक कडक क्लच शोधण्यापूर्वी दुसरी ट्रॉली सोडून पाहावी. क्लच प्लेट ही झिजण्यासाठीच बसविलेली असते, आणि तिच्या झिजण्याचा खर्च हा ट्रॅक्टरच्या सर्व खर्चांत सर्वांत स्वस्त सौदा आहे.