कुत्रा दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जातो? फटके देण्याआधी हे समजून घ्या

पंचवटीत पाळलेला कुत्रा घेऊन फिरायला निघणं सोपं नाही. मालेगाव स्टँडवरून रामकुंडाकडे उतरणारा रस्ता असो, काळाराम मंदिराच्या आसपासचे बोळ असोत नाहीतर तपोवनाची वाट, प्रत्येक कोपऱ्यावर तिथल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. अशा ठिकाणी पट्ट्याला बांधलेला लॅब्रेडोर किंवा घरी वाढवलेलं गावठी कुत्रं समोरचा कुत्रा दिसताच गुरगुरत झेप घेतं. मालक ओढला जातो आणि ओट्यावर बसलेलं कुणीतरी सल्ला देतं, "दोन फटके द्या, सुधारेल."

फटक्यांनी सुधारत नाही, उलट बिघडतं. का, ते आधी पाहू.

घाबरलेल्या कुत्र्यापुढे दोन मार्ग असतात, पळून जाणं किंवा समोरच्याला पळवून लावणं. पट्टा बांधला की पहिला मार्ग बंद होतो. मग तो मोठ्याने भुंकतो, अंगावर जातो. समोरचा कुत्रा बाजूला होतो, किंवा मालकच आपल्याला ओढून लांब नेतो. कुत्र्याच्या दृष्टीने दोन्हीचा अर्थ एकच, की युक्ती लागू पडली. पुढच्या वेळी तो आणखी लवकर आणि आणखी जोरात सुरू करतो.

सगळेच कुत्रे भीतीने असं करत नाहीत. काहींना समोरच्याकडे जायचंच असतं, पट्टा अडवतो म्हणून त्यांची चिडचिड होते. काहींना लहानपणी कुणीतरी चावलेलं असतं. काहींनी पिल्लूपणात दुसरं कुत्रं नीट पाहिलेलंच नसतं. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात पिल्लू जगाची ओळख करून घेतं, आणि नेमके तेच दिवस पुष्कळ पिल्लं लसीकरण व्हायचंय म्हणून घरात कोंडून काढतात. लस हवीच, पण तेवढ्या दिवसांत पिल्लाला कडेवर घेऊन रस्ता दाखवता येतो, हे कुणी सांगत नाही.

त्यामुळे पहिली फेरी ट्रेनरकडे नाही, पशुवैद्यकाकडे. पाच वर्षं गुण्यागोविंदाने राहिलेला कुत्रा अचानक अंगावर जायला लागला, तर आधी दुखण्याचा संशय घ्यावा. कानातला संसर्ग, किडलेला दात, कंबरेच्या सांध्याचं दुखणं, कमी झालेली नजर, थायरॉईड, यातलं काहीही कारण असू शकतं. नसबंदी केली की सगळं शांत होईल, ही समजूतही अर्धवट आहे. माद्यांवरून होणारी नरांची भांडणं तिने कमी होऊ शकतात, भीती जात नाही.

दुखणं नाही म्हटल्यावर प्रश्न येतो, पुढे कुणाकडे जायचं? इथे सावध राहायला हवं. भारतात डॉग ट्रेनर म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. त्यातही आज्ञा शिकवणं वेगळं आणि वर्तनावर काम करणं वेगळं. "बस" म्हटल्यावर बसलेला कुत्रा आतून घाबरलेलाच असू शकतो. वर्तनतज्ज्ञ आधी प्रश्न विचारतो. कुठल्या कुत्र्यांवर जातो, किती अंतरावरून, कधीपासून, कुणाला चावलाय का, घरी झोपतो किती? शक्य असेल तर व्हिडिओ मागतो. नाशिकमध्ये योग्य माणूस मिळाला नाही, तर मुंबई-पुण्यातल्या तज्ज्ञांशी व्हिडिओ कॉलवर बोलून सुरुवात करता येते.

उपचाराची मूळ कल्पना शाळेत शिकलेल्या पावलॉवचीच आहे. घंटा वाजली की खाणं येतं हे कळल्यावर कुत्र्याच्या तोंडाला नुसत्या घंटेनेच पाणी सुटायचं. इथे घंटेच्या जागी समोरचा कुत्रा. तो इतक्या लांब हवा, की आपला कुत्रा त्याला पाहील पण भडकणार नाही. तो दिसला की चिकनचा तुकडा, दिसेनासा झाला की तुकडे बंद. असं आठवडेच्या आठवडे, अंतर हळूहळू कमी करत. काही कुत्र्यांना सोबत औषधही लागतं, पण ते पशुवैद्यकानेच द्यायचं. घरातल्या माणसांच्या गोळ्या अजिबात नाहीत.

पुस्तकातला हा उपाय पंचवटीत अडतो तो अंतरावर. बोळात पन्नास फूट लांब जाणार कुठे? त्यात समोरचा कुत्रा मोकळा असतो, तो स्वतःच चालून येतो. म्हणून चांगला तज्ज्ञ जागा पाहून आखणी करतो. काही घरांत गच्ची उपयोगी पडते. खाली कुत्री दिसतात आणि वर येऊ शकत नाहीत. तिथून आपला कुत्रा भुंकत नसेल, तर सरावाला ती चांगली जागा. मुक्काम आणि गल्लीतली गर्दी बघून फिरायची वेळ बदलावी लागते. काही दिवस फिरणं बंद ठेवून घरातच वास शोधण्याचे खेळ खेळले तरी बिघडत नाही. रस्त्यावरचं कुत्रं जवळ आलंच, तर खिशातली मूठभर बिस्किटं त्याच्या दिशेने फेकून आपण वळायचं, पळायचं नाही.

ट्रेनर निवडताना एक प्रश्न पुरतो. "माझा कुत्रा चुकला तर तुम्ही काय कराल?" उत्तरात काटेरी पट्टा, शॉक, जमिनीवर दाबून धरणं असं काही आलं, किंवा "मालक अल्फा झाला पाहिजे" असं ऐकू आलं, तर तिथून निघावं. अल्फा लांडग्याची कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. ती लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक असलेल्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की जंगलातला कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. "महिनाभर आमच्याकडे सोडा, गॅरंटी देतो" हेही नको. कुत्रा तिकडे सुधारला, तरी भुंकायचं कारण इथल्या गल्लीतच आहे.

मारण्याचा सर्वात मोठा तोटा पुढे दिसतो. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. गुरगुर हा इशारा असतो. तो गेला की कुत्रा थेट चावतो. दोन कुत्र्यांच्या भांडणात हात घालणाऱ्या मालकाला कित्येकदा स्वतःचाच कुत्रा चावतो. जखम झालीच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं. आपल्या कुत्र्याला दुसरा चावला असेल, तर पशुवैद्यकाला त्याच दिवशी दाखवायचं.

तोंडाला मुसकं बांधायचं तर जाळीचं. कापडी घट्ट मुसक्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, नाशिकच्या एप्रिलमध्ये ते जिवावर बेतू शकतं. तेही खाऊ घालत, हळूहळू सवय लावून.

कायद्याचीही एक बाजू आहे. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावरची कुत्री उचलून न्या, अशी तक्रार करूनही सहसा प्रश्न सुटत नाही, कारण २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्याच भागात परत सोडायचं असतं. आणि वैतागून आपलाच कुत्रा कुठेतरी लांब सोडून येणं हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा ठरू शकतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही दहा ते पन्नास रुपये आहे, हा भाग वेगळा.

या सगळ्याला महिने लागतात, आणि शेवटी कुत्रा गल्लीतल्या सगळ्यांचा दोस्त होईलच असं नाही. बहुतेक वेळा मिळतं ते इतकंच, की समोरून कुत्रा आला तर आपला त्याच्याकडे पाहतो, मग मालकाच्या खिशाकडे पाहतो आणि पुढे चालू लागतो.